न झाकलेलं बी

पिटुनियाचं बी मी पहिल्यांदा तळहातावर ओतलं तेव्हा वाटलं, पाकिटात नुसती धूळच भरून दिलीय. खसखस त्याच्यापुढे ज्वारीसारखी वाटावी, इतकं ते बारीक. नर्सरीतल्या बाईंनी पाकीट देतानाच बजावलं होतं, "ताई, पंखा बंद करून पेरा. आन् वर माती टाकू नका. ह्या बीला उजेड लागतो." मी हो म्हटलं, पण विश्वास बसला नव्हता. बी उघड्यावर ठेवणं म्हणजे चिमण्यांना जेवायला बोलावणं, एवढं मला लहानपणापासून ठाऊक होतं.

ते ठाऊक होतं बाबांमुळे. नायगाव तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या रानात पेरणी केली. तिफणीमागे चालत, तिच्यावरच्या चाड्यातून, त्या लाकडी पेल्यातून, मुठीनं बी सोडत जायचं, ना दाट ना विरळ. हे काम त्यांच्याइतकं सारखं गावात कुणाला जमत नसे. मी मात्र शिकत शिकत लातूरला जमीन मोजणीच्या कचेरीत लागले. दिवसभर लोकांच्या जमिनींचे नकाशे बघायचे. स्वतः एक रोप कधी लावलं नव्हतं. चाळिशी उलटल्यावर, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहताना, एकदम फुलझाडांची हौस आली.

दसरा नुकताच झाला होता. मिठाईचा एक पारदर्शक डबा धुऊन घेतला, त्याच्या तळाला सुई तापवून भोकं पाडली. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची, विटेएवढी लादी बादलीत टाकली, तर ती पाणी पिऊन अशी फुगली की बादली पुरेना. मी मोबाइलवरच्या व्हिडिओत बघितल्याप्रमाणे अर्धं पाकीट त्या ओल्या भुशावर शिंपडलं, फवाऱ्यानं पाणी मारलं, झाकण लावलं आणि डबा पूर्वेच्या खिडकीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी बाबा आले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन लातूरला करायचं ठरलं होतं. आई कापूस वेचणीचे दिवस म्हणून गावीच थांबली. एसटीतून उतरताना बाबांनी माझा खांदा धरला, आणि तो हात मला पूर्वीपेक्षा हलका वाटला.

घरी आल्यावर त्यांनी चाचपत खिडकी गाठली. "हे काय करून राहिलीस गं माय?"

"फुलांचं बी टाकलंय, बाबा."

त्यांनी झाकण काढलं, डबा नाकाशी नेला. "बी कुठं हाय?"

"वरच आहे. दिसण्यासारखं नाही ते."

"वर?" ते हसले. "वर कुठं बी ठेवतेत का?"

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले आणि ऑपरेशनच्या गडबडीत ते बोलणं विसरून गेले. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, डोळा चोळायचा नाही. बाबा काळा चष्मा लावून खुर्चीवर बसून राहू लागले. ज्यांनी दिवस कधी बसून काढला नाही, त्यांना ती खुर्ची म्हणजे शिक्षाच होती.

दहा दिवस गेले, बारा गेले. डब्यात काहीच नाही. एका रविवारी मी चमच्यानं वरचा थर हलवला, तर भुशावर काळी माती लागली. आमच्या तुळशीच्या कुंडीतली माती, बोटानं चुरून, सगळीकडे सारखी पसरलेली, ओल्या भुशात रंगानं मिसळून गेलेली. इतकी सारखी की मला विचारायची गरजच पडली नाही. तरी मी बाबांकडे बघितलं.

"मीच झाकलं," ते म्हणाले. "मला वाटलं, तू इसरली. पोरीचं बी वाया जाईल म्हणून झाकलं."

मला राग आला होता. पण त्यांचा चेहरा बघून तो तसाच गिळला. "ह्या बीला उजेड लागतो, बाबा."

"उजेड?" त्यांनी डबा मांडीवर घेऊन वरची माती बोटानं चाचपली. मग म्हणाले, "बीला उजेड लागतो, हे मला कुणी सांगितलं न्हाई. अजून हाय का बी?"

उरलेलं अर्धं पाकीट होतं. पेरायला मी त्यांनाच सांगितलं. डब्यात नवा ओला भुसा भरला, खिडकी लावली, पंखा बंद केला. त्यांनी ती बीची धूळ अगरबत्तीच्या कोरड्या राखेत मिसळायला लावली, अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत घेतली आणि डब्यावरून हात एकदाच नेला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मी श्वास रोखून बघत होते. चिमूट नेमकी डबा संपताना संपली. मग ते हात मागे घेऊन बसले. माती टाकायची त्यांच्या बोटांना इतकी सवय होती की त्यांनी दोन्ही हात काखेत धरले.

त्या दिवसापासून आमची सकाळ बदलली. बुद्धवंदना झाली की बाबा खुर्ची खिडकीशी ओढत. मी कचेरीत जुने नकाशे वाचायला एक भिंग विकत घेतलं होतं. ते त्यांच्या हाती दिलं. उजव्या डोळ्यानं त्यांना आता बारीकसारीक दिसू लागलं होतं, भिंतीवरची पाल, माझ्या कपाळावरचे पांढरे केस. "तू म्हातारी दिसून राहिली की गं," असंही एकदा म्हणाले.

आठव्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते. बाबांनी हाक मारली. हाक नेहमीची नव्हती. मी गॅस तसाच ठेवून धावले, मला वाटलं, डोळ्याला काही झालं.

"हे बघ. बुरशी आली वाटतं."

भिंगाखाली एक बी होतं. कवच फुटून त्यातून पांढरा दोरा बाहेर आला होता, आणि त्याभोवती कापसासारखी लव होती. मलाही आधी बुरशीच वाटली. पण मी बाजूच्या बीकडे भिंग नेलं, मग त्याच्या बाजूच्या. लव भुशावर कुठेच नव्हती. फक्त त्या दोऱ्यालाच होती, आणि प्रत्येक दोऱ्याचं टोक वाकून खाली घुसत होतं.

"बाबा, हे मूळ आहे. त्याचे केस आहेत हे. पाणी प्यायचे."

त्यांनी भिंग पुन्हा घेतलं. किती वेळ बघत होते, सांगता येत नाही. चहा उतू गेल्याचा वास आला तरी मला तिथून हलवेना. मुळाचं टोक अजून भुशात शिरलेलं नव्हतं असं एक बी होतं. ते आडवं पडलं होतं आणि त्याचं मूळ आधी वर निघून, मग कमान करून खाली वळलं होतं. कुठे खाली आहे, हे त्याला कुणी सांगितलं असेल?

"जन्मभर पेरलं," बाबा हळू आवाजात म्हणाले. "पेरायचं, झाकायचं, पुढं जायचं. वर कोंब आला की दिसायचा. पण आधी हे चालतंय, हे कधी बघितलंच न्हाई. कसं बघणार? आपणच झाकलेलं."

मी जाऊन गॅस बंद केला आणि परत त्यांच्याशेजारी येऊन बसले.

त्या दिवशी मी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण विचारलं तर घरी काम आहे म्हणाले. दुपारपर्यंत दोऱ्यांवर हिरवे ठिपके उभे राहिले. एकेका ठिपक्याच्या डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं अडकलेलं. संध्याकाळी त्यातली एक टोपी पडली आणि आतून दोन पानं उघडली. ती मोहरीच्या दाण्याहूनही लहान होती, पण पानंच होती.

पुढच्या दिवसांत ती रोपं खिडकीकडे झुकली. मी डबा फिरवून ठेवला, तर दिवस मावळेपर्यंत सगळी परत उजेडाकडे वळलेली. बाबांनी दुसऱ्या दिवशी स्वतः फिरवून बघितला, तिसऱ्या दिवशीही. "ह्यांला डोळे हायेत काय?" त्यांनी विचारलं, आणि ते गंमत करत नव्हते.

सगळंच नीट झालं असं नाही. मी मायेपोटी उठता बसता पाणी मारत होते. एका सकाळी वीसेक रोपं मानेशी बारीक होऊन आडवी पडली. मला रडूच आलं. बाबांनी माझ्या हातातून फवारा काढून घेतला. "पाण्याचा सोस करू नको. तहान लागू दे. तहान लागल्याबिगर मूळ खाली जात न्हाई." झाकण त्यांनी कायमचं काढायला लावलं. त्यानंतर एकही पडलं नाही. पुढे चार पानांची झाली तेव्हा आम्ही चहाच्या कागदी कपांत एकेक करून हलवली. मुळाला धक्का लागू नये म्हणून ती काट्या-चमच्यानं उचलायची युक्तीही बाबांचीच.

दुसरा डोळा उन्हाळ्यात करायचा ठरवून बाबा गावी परतले. नेतो म्हणून सहा रोपं त्यांनी चपलेच्या खोक्यात घातली आणि एसटीत खोकं मांडीवर धरून बसले. माझ्याकडे चौदा उरली. मी ती गच्चीवर नेली. पहिल्या दिवशी दोन तास ऊन, मग चार. त्यातली तीन करपली. गावच्या सहाचं काय झालं ते आईनं सांगितलं, पाच शेळीनं खाल्ली, एक तेवढं उरलं.

थंडीत एका संध्याकाळी माझ्या एका झाडाला कळी दिसली, ओली ओढणी पिळून ठेवावी तशी वळलेली. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आले तर तिचा पीळ सुटला होता. जांभळं फूल, तळहाताएवढं रुंद, आणि त्याच्या मध्यापासून कडेपर्यंत गडद शिरा गेलेल्या. मी हेल्मेट जिन्यातच ठेवून गच्चीवर त्याच्यासमोर बसले. ती चिमूटभर धूळ, आणि हे. मधला सगळा रस्ता मी डोळ्यांनी बघितला होता, तरी दोन्हींचा मेळ लागेना.

मी गावाकडच्या शेजाऱ्यांच्या फोनवर बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल फुलाजवळ धरला. पलीकडे बाबांचा चेहरा पडद्यावर जागच्या जागी थांबला. मला वाटलं, रेंज गेली.

"बाबा, दिसतंय का?"

"दिसून राहिलं." मग थोडं थांबून, "वास हाय का?"

मी वाकून नाक फुलापाशी नेलं. अंधार पडत होता. आधी काहीच आलं नाही, मग अगदी हलका, गोडसर वास आला.

"आहे, बाबा. थोडासा."

"मला इथून येत न्हाई," ते म्हणाले. "तू घे माझ्या वाटचा."

मी पुन्हा वाकले.