शपथविधीची अक्षरं

सुमेधाला घरात धड भांडताही येत नसे. चिडली की ती बोलून जाई, "अभिजित कॉमा तुला मी तीनदा सांगितलंय फुलस्टॉप," आणि समोरचा फिस्सकन हसला की तिचा पारा आणखीच चढे.

हा तिच्या नोकरीचा परिणाम होता. सांगलीला असताना ती आकाशवाणीवर हंगामी निवेदिका होती. उच्चार स्वच्छ, आवाज गोड. लग्नानंतर नवऱ्याच्या, अभिजितच्या, सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी आयर्लंडला आली, डब्लिनजवळ नावन गावी घर केलं आणि चार वर्षं तो आवाज लेकीला, केतकीला, जेवायला हाका मारण्यापलीकडे कुठेच वापरला नाही. मग डब्लिनच्या एका कंपनीत तिला सबटायटलचं काम मिळालं. टीव्हीवर कुणी थेट बोलत असेल तर ते कानात ऐकायचं, आणि त्याच क्षणी सपाट आवाजात, विरामचिन्हांसकट, कॉम्प्युटरला पुन्हा सांगायचं. कॉम्प्युटर त्याची अक्षरं करी, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती पडद्याच्या तळाशी उमटत.

जानेवारी २०२१ मध्ये शाळा बंद, ऑफिसं बंद, सगळं घर घरातच. अशात तिची मॅनेजर ग्रॉन्या व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "वीस तारखेला अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षाचा शपथविधी आहे. आपली वाहिनी थेट दाखवणार. तू आणि फिन्टन, दहा-दहा मिनिटं आलटून पालटून."

"भाषण आधी हातात मिळेल?"

"नाही मिळणार. पण होईल गं, ग्रँड."

इथल्या बोलीत 'ग्रँड' म्हणजे 'ठीक, मस्त'; ग्रॉन्याचं सगळंच ग्रँड असे. सुमेधाचं नव्हतं. तिने 'ओथ' म्हटलं, शपथ या अर्थाने, की मशीन 'ओट्स' लिही. तिचा सहकारी फिन्टन पश्चिमेकडच्या स्लायगोचा, तिथूनच काम करणारा, सगळ्या 'थ'चा सरसकट 'ट' करणारा. 'थ्री'ला तो बिनदिक्कत 'ट्री' म्हणे, आणि मशीन मुकाट्याने बरोबर लिही. आकाशवाणीत ज्या जिभेचं कौतुक झालं तिला हे यंत्र नाश्ता वाढत होतं.

तेव्हा तिने ठरवलं, मशीनला शिकवायचं. आजवरच्या अध्यक्षांची पहिली भाषणं त्याला मोठ्याने वाचून दाखवायची, म्हणजे शपथविधीचे शब्द त्याच्या अंगवळणी पडतील. जिन्याखालचं कपाट, इथले लोक त्याला 'प्रेस' म्हणतात, तिने रिकामं केलं. आतून रजया टांगल्या, लॅपटॉप घेऊन बसली आणि दार लावून घेतलं.

दहा दिवस ती त्या प्रेसमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांबरोबर कोंडून राहिली. वॉशिंग्टनचं दुसऱ्या वेळचं भाषण जेमतेम एकशे पस्तीस शब्दांचं निघालं, तेव्हा तिला वाटलं, चला, ही माणसं बरी दिसतात. मग आला हॅरिसन. १८४१ चा. भर थंडीत, अंगात कोट न घालता, हा गृहस्थ जवळजवळ दोन तास बोलला. आठ हजारांच्या वर शब्द. एकेक वाक्य असं की सुरू झालं तेव्हा केतकीचा गणिताचा तास चालू असे आणि पूर्णविराम येईपर्यंत विज्ञानाचा निम्मा संपलेला असे. महिन्याभरात तो बिचारा वारला. थंडीनेच वारला असं लोक कित्येक वर्षं सांगत. हल्लीचे डॉक्टर म्हणतात, कारण दुसरंच असावं.

"कारण काही का असेना," प्रेसमधून घामाघूम बाहेर येत सुमेधा म्हणाली, "या माणसाने दोन दिवस माझा घसा खाल्लाय."

"पण मी म्हणतो," अभिजित लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "बोलणारा नवीन आहे. तू जुने का वाचतेयस?"

"कारण नवीन मला कुणी देत नाहीये, अभिजित! फुलस्टॉप!"

त्यातल्या त्यात जेफरसन तिला आवडला. १८०१ साली तो इतका हळू बोलला म्हणे, की पुढच्या काही रांगा सोडल्या तर कुणाला काही ऐकूच गेलं नाही. पण भाषण त्याने आधीच एका वर्तमानपत्राला देऊन ठेवलं होतं. एवढ्यांत हा एकच समंजस, असं तिने फिन्टनला फोनवर सांगितलं. कर्णे लागले ते थेट १९२१ मध्ये. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं मागची गर्दी काहीच न ऐकता टाळ्या वाजवून घरी जात होती.

फिन्टन हसला. "आमच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाने १९३८ साली डब्लिनच्या किल्ल्यात आयरिश भाषेत शपथ घेतली. तुझ्या मशीनला फिटच आली असती."

गावात मात्र कुणाला भाषणाशी कर्तव्य नव्हतं. दुकानाच्या रांगेत, सहा फुटांवरून, मास्कआडून एकच चर्चा: नव्या अध्यक्षाचे आयरिश पूर्वज मेयो परगण्यातले की लाउथमधले. सुमेधाने दूध घेतलं आणि घरी आली.

वीस तारखेला चार वाजता तिने फर्मान काढलं. केतकीने इंटरनेटला हात लावायचा नाही, अभिजितने कॉल घ्यायचा नाही. "बट मॅम, आय हॅव आयरिश होमवर्क," केतकी म्हणाली; इथली मुलं आईला 'मॅम' म्हणतात. अभिजित म्हणाला, "प्रॉडक्शनला, म्हणजे कंपनीच्या चालू सिस्टिमला, आग लागली तरी उठणार नाही."

पहिली दहा मिनिटं फिन्टनची झाली आणि सुमेधाची पाळी आली. तेवढ्यात अग्निशमन दलातली एक अधिकारी माइकसमोर उभी राहिली आणि झेंड्याची प्रतिज्ञा म्हणू लागली. तोंडाने म्हणत होतीच, शिवाय दोन्ही हातांनी खुणांच्या भाषेतही सांगत होती. प्रतिज्ञेचे शब्द ठरलेले, सुमेधाने ते आधीच साठवून ठेवलेले. एक बटण दाबलं आणि सगळ्या ओळी, एकही चूक नाही, ठसठशीत उमटल्या. तिला मनातून फार बरं वाटलं. पुन्हा फिन्टनची पाळी आली. ती संपत आली, शपथ तोंडावर आली आणि स्लायगोची लाइन गेली.

"फिन्टन?" कानात नुसती खरखर. "फिन्टन!"

कुणी नाही. तिने दोन मिनिटं आधीच चार्ज घेतला आणि म्हणाली, "ओथ." दहा दिवसांत शंभरदा बरोबर आलेला तो शब्द. पडद्यावर आलं की राष्ट्राध्यक्ष आता ओट्स घेतील.

तिने हाताने दुरुस्ती केली तोवर ते साऱ्या आयर्लंडने वाचलेलं होतं. ओरडायचीही सोय नव्हती; ओरडली असती तर तेही उमटलं असतं.

मग भाषण. एकवीस मिनिटं, एकटीने. आणि वाक्यं कशी, तर आखूड. साधे, रोजचे शब्द. हॅरिसनवर घालवलेले ते दोन दिवस आठवून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. मध्येच वक्त्याने साथीत गेलेल्यांसाठी सगळ्यांना क्षणभर मूक प्रार्थना करायला सांगितली. सुमेधाही थांबली. लगेच कोपऱ्यात ग्रॉन्याचा मेसेज चमकला: अक्षरं का थांबली? आहेस ना तू? सुमेधाने एका हाताने टाइप करून पडद्यावर 'शांतता' लिहिलं. शेवटच्या पाच मिनिटांत घसा बसला, दोन वाक्यं सरळ सुटली. सव्वापाचला ती प्रेसमधून बाहेर आली तेव्हा अभिजित कॉलवर होता. प्रॉडक्शनला खरंच आग लागली होती.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. अचूकता सत्त्याण्णव पूर्णांक सहा. पास व्हायला अठ्ठ्याण्णव लागतात. ओट्सचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर फिरला, फिन्टनने तीनदा माफी मागितली, आणि ग्रॉन्या म्हणाली, "ग्रँड झालं गं."

आठवड्याने डब्लिनजवळच्या डून लेरीहून एक पत्र आलं. नोरा नावाच्या बाईंचं; निवृत्त शिवणकाम शिक्षिका, जन्मापासून ऐकू येत नाही. ओट्सबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, 'त्या अग्निशमनवाल्या बाई हातांनी बोलत होत्या. त्यांच्या खुणा अमेरिकेच्या, आमच्या वेगळ्या, निम्म्या मला कळल्या नसत्या. पण अशा समारंभात कुणी माझ्यासारखीशी हातांनी बोलतंय हे मला बघायचं होतं. तुमच्या अक्षरांनी त्यांचे हात झाकले.'

सुमेधाने रेकॉर्डिंग काढून पाहिलं. खरंच. ठसठशीत दोन ओळी, नेमक्या हातांवर. सगळ्या दिवसात एकच गोष्ट तिने बिनचूक केली होती, आणि पत्र आलं ते नेमकं त्याच गोष्टीबद्दल. ती इतकी चिडली की कुणावर चिडावं हेच कळेना. नोराबाईंना हात बघायचे होते तिथे आपण वाचायला लावलं, ही टोचणी मनातून जाईना.

"अक्षरं वर सरकवायचं बटण हवं," ती ग्रॉन्याला म्हणाली.

"तशी पद्धत नाही आपल्याकडे."

"मग पाडा."

तिने फेब्रुवारीत सांगितलं, मार्चमध्ये सांगितलं, दर सोमवारच्या कॉलमध्ये सांगितलं. शेवटी लोक तिचं नाव आलं की आधीच मान हलवू लागले. एप्रिलच्या शेवटी, बहुधा तिला गप्प करण्यासाठीच, एक बटण आलं. सुमेधाने नोराबाईंना स्वतःच्या हाताने पत्र लिहून कळवलं. उत्तरात दोन ओळी आल्या: 'आभार. पुढच्या वेळी बघते.'

मे महिन्यात हर्लिंगचे, हॉकीसारख्या इथल्या खेळाचे, सामने पुन्हा सुरू झाले. खाली धावपळ, काठ्या, चेंडू, म्हणून सुमेधाने अक्षरं वर नेली. संध्याकाळपर्यंत एकोणीस तक्रारी आल्या. वरच्या कोपऱ्यात स्कोअर असतो, आणि तो तिने सत्तर मिनिटं झाकून ठेवला होता.

"ते आधी खाली होतं तेच बरं होतं, नाही का?" ग्रॉन्या म्हणाली.

"नाही," सुमेधा म्हणाली. "स्कोअर असेल तेव्हा खाली, हात असतील तेव्हा वर. बटण दाबायला मी बसलेय ना इथे! उद्गारचिन्ह!"