छ्याऐंशी टक्के हजेरी

"अहवाल झाला का, सर?" प्राचार्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. "आणि ती पळणारी मुलगी कुठाय? पाहुण्यांच्या हातून पहिलं बक्षीस तिलाच द्यायचंय."

बक्षीस समारंभाला चार दिवस उरले होते. कर्जत तालुक्यातल्या आमच्या कॉलेजचा वार्षिक अहवाल लिहिण्याचं लचांड कित्येक वर्षं माझ्याच गळ्यात आहे. वर्षभरात विद्यार्थ्यांनी काय दिवे लावले ते गोळा करायचं आणि स्टेजवरून वाचायचं. एनएसएसचं शिबिर, युवक महोत्सवात दुसरं आलेलं पथनाट्य, वृक्षारोपण. झाडं किती लावली ते लिहायचं, किती जगली ते कुणी विचारत नाही. यंदा मात्र खरंच सांगण्यासारखं काही होतं. माझ्याच एस.वाय.बी.एस्सी.च्या वर्गातली मनीषा विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीत, म्हणजे माळरानावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, पहिली आली होती. तेही मैत्रिणीचे बूट घालून.

ती कुठे आहे ते मला ठाऊक होतं. दिवाळीनंतर ती ऊसतोडीला गेली होती. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात. तिच्या आईचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून यंदा वडिलांच्या जोडीला ती. जायच्या आदल्या दिवशी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, परीक्षेला बसू देत्याल ना मला?"

"तू पुस्तकं घेऊन जा. बाकीचं मी बघतो."

बाकीचं म्हणजे हजेरी. पंचाहत्तर टक्के भरली नाही, तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणून तोडीला गेलेल्या पोरांची हजेरी आम्ही मास्तर मंडळी कॅटलॉगमध्ये गुपचूप भरून टाकतो. कॅटलॉग म्हणजे हजेरीचं रजिस्टर. हे सगळेच करतात, बोलत कुणी नाही. आदल्या वर्षीही मनीषा तोडीला गेली होती, आईच्या हाताखाली. तेव्हा नव्याने आलेल्या एका सरांनी तिची खरी गैरहजेरी लावली आणि तिचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे कमी हजेरीवाल्यांच्या यादीत गेलं. मी त्यांच्याशी कडाकडा भांडलो होतो. यंदा मी आधीच सगळ्या सरांना सांगून ठेवलं. माझ्या तासाला तर मी स्वतःच्या हाताने तिला रोज हजर केलं. खोटं कशाला बोलू, मनातून स्वतःवर खूशही होतो.

प्राचार्य गेल्यावर मी तिच्या वडिलांना फोन लावला. मागे ट्रॅक्टर धडधडत होता.

"मी मनीषाचा सर बोलतोय. तिला चार दिवसांत पाठवून द्या. मोठं बक्षीस आहे तिला."

ट्रॅक्टरपासून बाजूला होत ते बोलले.

"लई उशीर केला सर तुमी. पंदरा दिस झालं, लगीन लावून दिलं तिचं. टोळीतलंच पोरगं हाय. त्येला जोडी न्हवती."

"अहो, तिचं कॉलेज चालू आहे!"

"मला काय म्हाईत? मागल्या साली तुमच्या हापिसातनं फोन आल्ता. पोरगी आली न्हाई तर परीक्षा बुडंल म्हनले. दुसऱ्याच दिशी यष्टीत बसवली तिला. औंदा फोन न्हाई, कागद न्हाई. पोरगी म्हनायची, थांबा दादा, फोन येनार हाय. मोबाईल उशाला घिऊन निजायची. दोन महिनं थांबलो, सर."

"मग तिनं तरी मला फोन करायचा!"

"तिच्या बोलन्यानं काय हुतंय? भावकी मागं लागलीवती. कालेजाचा फोन आला आस्ता म्हंजी मला बी त्यांच्या म्होरं बोलाया तोंड ऱ्हायलं आस्तं."

"तिच्याशी बोलता येईल का?"

"तिच्यापाशी मोबाईल न्हाई आता."

मी ऑफिसात गेलो. डिफॉल्टर लिस्टवरून घरोघर फोन करायचं काम आमचे क्लार्क भाऊसाहेब करतात. मनीषाच्या घरी फोन का गेला नाही, असं मी त्यांना दरडावूनच विचारलं. ते बिचारे यादी काढून बसले.

"लिस्टात नावच न्हाई सर तिचं. छ्याऐंशी टक्के हजेरी हाय. तुमच्या वर्गात सगळ्यात जास्त."

खुर्ची ओढून तिथेच बसलो. कॅटलॉग उघडला, माझ्या तासाचे तिच्या नावापुढचे सगळे 'हजर' माझ्याच अक्षरात होते.

समारंभात मी अहवाल वाचला. मनीषाचं नाव आल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. बक्षीस क्रीडाशिक्षकांनी घेतलं आणि पाहुण्यांनी ग्रामीण मुलींच्या जिद्दीवर दहा मिनिटं भाषण ठोकलं. पुढच्या रविवारी मी मोटारसायकल काढून उसाच्या फडावर गेलो. टोळी दुसऱ्या कारखान्याकडे हलली होती. हजेरी भरलेली असल्यामुळे तिचं हॉल तिकीट बिनतक्रार आलं. परीक्षेत तिच्या बाकावर कुणीच नव्हतं.

ती माझी चूक होती. आता मी गैरहजर असेल त्याला गैरहजरच लिहितो. पोरं मला खडूस म्हणतात, स्टाफरूममध्येही फारसं कुणाला रुचत नाही. पण यादी लागली की भाऊसाहेब घरोघर फोन करतात, आणि मग त्यातली दोन-चार पोरं पिशवी घेऊन परत येतात.