ओल्या फडक्यातला समुद्र

मी समुद्र पाहिलेला नाही आणि आता पाहायची इच्छाही नाही. पण त्याचं वरचं पाणी किती तापतं, किती खारं होतं, यावर आमचं घर बरीच वर्षं चाललं आणि त्यापायीच ते बसलंही. आसेगावच्या बाजूला वांगी-कांदे लावून मंगरूळच्या बाजारात विकणारी माणसं आम्ही. आमच्या घरावर समुद्रानं वेळ आणावी, याचं मला अजून हसू येतं. चांगलं हसू नाही ते.

आमचे हे आधी मोट हाकायचे. स्वराज्य आल्यावर काही वर्षांतच विहिरीला पाणी राहीना, तेव्हा कारंज्याची छोटी गाडी धरून ते मूर्तिजापूरला गेले नि तिथून मुंबईला. गोदीत ओझी वाहता वाहता समुद्राच्या पाण्याची पाहणी करणाऱ्या एका बोटीवर लागले. काम साधं होतं. बोट ठरलेल्या जागी थांबली की कॅनव्हासची बादली दोरीनं समुद्रात सोडायची, वर ओढायची आणि बोटीच्या मागच्या टोकापासून साहेबाच्या खोलीपर्यंत न्यायची. साहेब तीत थर्मामीटर बुडवून आकडा लिहिणार आणि मीठ तपासायला त्याच पाण्याची एक बाटली भरणार. मी म्हणायची, इथं बैलांनी ओढलं, तिथं आता तुम्ही ओढा.

साहेबानं त्यांना बसवून समजावलं होतं. ऊन पडतं ते समुद्राच्या वरच्या पाण्यावर. ते तापतं, त्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. पाऊस झाला की खारटपणा पुन्हा उतरतो. वर्षाच्या वर्षाला हे वरखाली व्हायचंच. पण समुद्र खरोखर बदलतो आहे का, हे कळायला त्याच जागी, त्याच महिन्यात, वर्षानुवर्षं पाणी काढत राहावं लागतं. साहेबाची स्वतःची नोकरी संपेल, तेव्हा कुठे काही दिसायला लागेल. हे सुट्टीवर आले की चुलीपुढे बसून मला सगळं सांगायचे. त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून जायचं. वरणात मीठ जास्त झालं तरी यांना कळायचं नाही, त्यावरून मी त्यांना चिडवायची. मग ते गंभीर व्हायचे.

"आपला पाऊस तेथूनच येते वं," ते म्हणायचे. "आज काढलेलं पाणी आपल्या नातवाईले कामी पडन."

जन्मभर ज्याच्या हातचं काम एका हंगामात उगवतं नि सुकतं, अशा माणसाला टिकणारं काही तरी सापडलं होतं. ते टिकावं एवढीच त्यांची आस होती. मला त्याचा हेवाही वाटायचा.

आता ते फडकं. आमच्याकडे चैत्र लागला की रांजणाला ओलं फडकं गुंडाळतात. लांबच्या वाटेला गाडी जुंपली की तिला छागल टांगतात, जाड कापडाची पिशवीच ती, पाझरते आणि वाऱ्यानं आतलं पाणी गार ठेवते. पाणी उन्हात उघडं टाकणं म्हणजे त्याचे हाल करणं, असंच आम्ही धरतो. बोटीवरचं लोखंड तापलेलं असायचं आणि साहेबाचं आधीचं काम उरकेपर्यंत बादलीला ताटकळावं लागायचं. तेवढ्यात उन्हानं पाणी तापेल नि आकडा खोटा येईल, या धास्तीनं हे जुन्या धोतराचं फडकं समुद्रात बुडवायचे आणि बादलीला तोंडासकट गुंडाळायचे. खोलीच्या दाराशी ते सोडून घ्यायचे. लपवायचं काही नव्हतं. साहेबापुढे मळकं फडकं नेऊ नये, एवढंच.

यांना बोटीवर दहा वर्षं होत आली तेव्हा तिथं नवी बादली आली, जाड भिंतीची, आतल्या पाण्याला वारा न लागणारी. साहेबानं जुनी नि नवी एकाच जागी सोडून पाहिली. जुन्या बादलीतलं पाणी गार निघालं आणि जास्त खारंही. कारण कुणाला सापडेना, तेव्हा यांनीच जुन्या बादलीला गुंडाळलेलं फडकं पुढे केलं. फडक्याचा ओलावा उडताना पाण्याची ऊब घेऊन जात होता. ते वाळून वाळून त्यावर मिठाचे पापुद्रे चढले होते, तेच आत गळत होते. साहेब रागावला नाही. रोज गुंडाळत होतास का, एवढंच त्यानं विचारलं. रोज गुंडाळलं असतं तर तेवढा फरक धरून आकडे वाचवता आले असते. पण हे कडक ऊन असलं तरच गुंडाळायचे, आभाळ असलं की नाही, आणि कोणत्या दिवशी काय केलं हे आता कोण सांगणार? मागचं सगळं बाद करायचं ठरलं. त्या वर्षांत त्या जागचा समुद्र कसा होता, हे आता कुणालाच कळणार नाही.

कामावरून त्यांना कुणी काढलं नव्हतं. ते आपणच घरी आले. मी त्या साहेबाला पोटभर शिव्या घातल्या. बादली इतकी वर्षं तुझ्या दाराशी येत होती, एकदा उठून बाहेर डोकावायला काय झालं होतं तुला? यांना ते सहन झालं नाही.

"त्यायले काहून बोलतं?" ते म्हणाले. "फडकं माह्यं होतं."

उन्हाळा आला. सासूनं रांजणाला फडकं गुंडाळलं आणि यांनी ते सोडून टाकलं. तिनं पुन्हा गुंडाळलं, यांनी पुन्हा सोडलं. शेवटी तिनं वेगळं मडकं धरलं आणि हे रांजणातलं कोमट पाणी पीत राहिले. कुणाशी बोलणं नाही, बाजाराला जाणं नाही. दुपारी माणूस सावलीला बसतो, तर हे वाफ्यात. मला त्यांचा राग यायचा नि रडूही यायचं.

वैशाखात कांदे काढताना त्यांना ऊन लागलं. अंगाला हात लावता येईना. सासूनं तळपायांना कांदा चोळला, मी कपाळावर, छातीवर, पोटावर ओली फडकी ठेवत होते. मंगरूळहून डॉक्टर आले तोवर हे कुणाला ओळखत नव्हते. डॉक्टरांनी थर्मामीटर काढून झटकलं आणि तोंडाशी नेलं. काच ओठांना लागताच यांनी डोळे उघडले आणि कपाळावरचं फडकं ओढून काढलं.

"हे काढ पह्यले," ते मला म्हणाले. "नाईतर हेबी बाद करतीन."

फडकी राहू द्या, जीव वाचलाच तर त्यांनीच वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. मी ठेवली. यांनी काढली. एवढा ताप चढलेल्या माणसात ती ताकद कुठून आली, कोण जाणे. मग सासूनं त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले आणि मी फडकी भिजवून ठेवत राहिले. ते मान हलवून नको म्हणत होते. दिवस मावळायच्या आत ते गेले. सासूनं हात सोडले तेव्हा मी फडकी काढली. एकही ठेवलं नाही.