जाणारी पार्टी आणि राहणारी पार्टी

आमच्या धारूरच्या शाळेचं गॅदरिंग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आणि तेही सकाळी भरतं, हे ऐकून बाहेरचे लोक हसतात. गॅदरिंग म्हणजे जानेवारी, संध्याकाळ, रंगीत दिवे, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मागं माझी अंबाजोगाईची नणंद म्हणाली, "वहिनी, तुमच्या गावाची तऱ्हाच उलटी." मी म्हटलं, "उलटी होती, आता सरळ केली." पण ती सरळ होताना सगळ्यात जास्त आडवी मीच आले होते, हे काही तिला सांगितलं नाही. इथं सांगते.

पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. नवरा कपाळाला भस्म लावून गादीवर बसतो आणि मी मागच्या खोलीत शिलाई मशीनवर. दोघांत मिळून बोलायचं काम माझ्याकडे. गिऱ्हाईक दोनदा भाव विचारतं, तिसऱ्यांदा विचारत नाही, कारण तोवर मी मशीन थांबवून बाहेर आलेली असते.

आमच्या पेठेची एक गोष्ट मला फार आवडते. शाळेच्या गॅदरिंगसाठी इथं कधी पावतीपुस्तक फिरत नाही. कुणी काय द्यायचं ते ठरलेलं आहे आणि ते कुणी, कधी ठरवलं हे कुणालाच माहीत नाही. आडत दुकानातून ताडपत्र्या आणि स्टेजच्या फळ्या येतात. भांड्यांच्या दुकानातून समया आणि घागरी. सलूनवाला आपलं दुकान बंद ठेवून पोरांना मिशा काढायला येतो. त्याच्या हातच्या मिशा इतक्या खऱ्या दिसतात की पोरं दोन दिवस तोंड धूत नाहीत. पडदा आणि पोशाख आमच्याकडून, सासूबाईंच्या काळापासून. एरवी ही माणसं एकमेकांच्या ओट्यावर सायकल लावू देत नाहीत. त्या दिवशी मात्र आडतवाला आणि भांडीवाला एकाच फळीची दोन टोकं धरून चालताना दिसतात.

आता शाळेचं सांगते. आमच्या शाळेतली निम्मी पोरं डोंगरातल्या वाड्यांवरची आणि तांड्यांवरची. दसरा झाला की त्यांचे आईबाप ऊसतोडीला लांबच्या कारखान्यांवर जातात. पोरंही बरोबर जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. नाटकाची तालीम गणपतीत सुरू व्हायची आणि प्रयोग जानेवारीत. मधल्यामध्ये निम्मं नाटक ट्रकमध्ये बसून निघून जायचं. यावर शाळेनं एक तोड काढली होती. प्रत्येक काम दोघांना द्यायचं, एक जाणारा आणि एक राहणारा. जाणाऱ्या पार्टीनं नाटक उभं करायचं, राहणाऱ्या पार्टीनं बाजूला बसून ते बघून बघून पाठ करायचं. खरं बोलायचं तर जाणाऱ्या पार्टीची पोरं जास्त चांगली कामं करायची. त्यांचा आवाज मोकळा, त्यांना लाज कमी. मास्तर लोक म्हणायचे, ह्यांनी एकदा वळण घालून दिलं की राहणाऱ्यांचं काम सोपं होतं.

या सगळ्यात माझीही हुशारी होती. मापं मी भाद्रपदात, जाणाऱ्यांची घ्यायची. पण अंगात घालणार दुसरंच कुणी, म्हणून प्रत्येक शिवणीत चार बोटं कापड जास्त सोडायची. जानेवारीत जो उभा राहील त्याच्या अंगावर दोन टाके उसवले किंवा आवळले की झालं. "माझा पोशाख कुणालाही बसतो," असं मी पेठेत छाती काढून सांगायची. बाया मला शाबासकी द्यायच्या आणि मी ती घ्यायची.

तीनएक वर्षांपूर्वी शाळेत मराठीला नव्या बाई आल्या. अंगानं बारीक, आवाजही बारीक. गॅदरिंगच्या बैठकीत मी त्यांना ही सगळी पद्धत समजावून सांगितली, जाणारी कोण, राहणारी कोण, कापड किती सोडायचं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जाणाऱ्या पार्टीचा प्रयोग कधी होतो?"

हेडमास्तर खाकरले. बाई म्हणाल्या, "गॅदरिंग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊ या." मी उसळलेच. दसरा-दिवाळी म्हणजे कापड दुकानाचा वर्षाचा सण, तेव्हा पडदे कोण शिवणार? मी म्हटलं, "बाई, तुम्ही नव्या आहात. इथं सगळं ठरल्याप्रमाणं नीट चाललंय." बाईंनी वाद घातला नाही. मान हलवून त्या वहीत काहीतरी लिहीत राहिल्या, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्या वर्षीचं नाटक बाईंनी आणि पोरांनी मिळून रचलं होतं. एक मुकादम गावात तोडणीची टोळी जमवायला येतो. नवरा-बायकोच्या जोडीला इकडे एक कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. नाटकातल्या एका एकट्या म्हातारीला टोळीत जायचं असतं. मुकादम म्हणतो, जोडी आण. ती शेळी घेऊन येते आणि म्हणते, मी अर्धा, ही अर्धी, झाला की पुरा कोयता. एवढंच नाटक, पण तालमीत लोळायला व्हायचं.

मुकादमाचं काम दहावीतल्या एका मुलीकडे होतं. पाचवीपासून दरवर्षी ती जाणाऱ्या पार्टीत. मी माप घ्यायला शाळेत गेले तेव्हा तिची तालीम चालू होती. पोट पुढं काढून, पंचा खांद्यावर टाकून, फोन तोंडासमोर आडवा धरून ती बोलायला लागली आणि मी टेप हातात घेऊन तशीच उभी राहिले. ती ओरडत नव्हती. मुकादम जसा हळू आवाजात दम भरतो ना, तसा दम भरत होती. एवढ्या वर्षांत आमच्या स्टेजवर मी असं काम बघितलेलं नव्हतं. पोरीच्या डोळ्यांत मुकादम होता.

माप घेताना ती म्हणाली, "काकू, माझं पक्कं माप घेऊ नका. ढिलंच ठिवा. जानेवारीत ती सातव्या बाकावरची हाय ना, ती करणार हाय."

"आणि तू?"

"मी कुठं असते जानेवारीत?" ती हसून म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. "माझ्या आईबापानं एकदा बी बघितलं न्हाई काकू, मी काय करते ते. ह्ये शेवटचं वरीस. दहावीनंतर कुठली आलीय शाळा."

दुपारी मी मशीनवर बसले. मुकादमाचा पांढरा सदरा कापायला घेतला आणि सवयीनं खडू चार बोटं बाहेर गेला. माझा हात थांबला. इतकी वर्षं ही चार बोटं मी सोडत आले होते. शिवलेल्या कपड्यातलं माणूस बदलतं, हे मला माहीत होतं, आणि ते का बदलतं हेही माहीत होतं. त्यावर मी फक्त कापड जास्त सोडलं होतं. मला माझी भयंकर लाज वाटली. मी नवऱ्याला हाक मारली आणि सांगितलं की यंदा गॅदरिंग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होणार. तो म्हणाला, "परवा तर तू नाही म्हणालीस." मी म्हटलं, "परवा मी मूर्ख होते." त्यानं यावर काही हरकत घेतली नाही.

मग मी पेठेतून फिरले. आडतवाला म्हणाला, सोयाबीनचे ढीग लागलेत, ताडपत्री कुठून देऊ? मी म्हटलं, एक दिवस सोयाबीनला उन्हात बसू द्या. सलूनवाल्याला सणाचं गिऱ्हाईक होतं, त्यानं एक शब्द न बोलता होकार दिला. बाईंकडे जाऊन मी म्हटलं, "तुमचंच बरोबर होतं." बाई म्हणाल्या, "काकू, शेळी कुठून आणायची तेवढं बघा." त्यांनी माझ्या चुकीवर दुसरा शब्द काढला नाही. असं मोठेपण मला जन्मात जमलेलं नाही.

सगळं जुळलं आणि दसऱ्याच्या चार दिवस आधी ती मुलगी दुकानात आली. तोंड उतरलेलं. त्यांची गाडी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच सुटणार होती. गाडी पहाटे सुटली म्हणजे संपलं. पुढच्या वर्षी ती शाळेत नसणार.

योगायोगानं त्यांचा मुकादम आमचं गिऱ्हाईक. दसऱ्याचे कपडे घ्यायला दुसऱ्या दिवशी आला. मी त्याच्या पुढ्यात कापडाचं एक ठाण टाकलं आणि त्यावर हात ठेवला.

"गाडी दुपारी सोडा," मी म्हटलं.

"काकू, कारखान्याचा फोन हाय. पहाटं निघाया पायजे."

"कारखाना कुठं पळून चाललाय? टोळीतली पोरं नाटकात आहेत. सगळ्यांना घेऊन शाळेत या. गाडी मैदानाच्या कडेला लावा. नाटक बघा आणि निघा."

"लई उशीर होईल."

"आणि मी हे कापड दिलं नाही तर?"

तो हसायला लागला. माणूस तसा वाईट नव्हता, घाईचा होता. नाटक कशावर आहे हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दुपारी बारापर्यंत थांबतो म्हणाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या कडेला तीन ट्रक उभे होते, एक त्याचा आणि दोन दुसऱ्या टोळ्यांचे. त्यांत भांडी, गाठोडी, चुलीचे पत्रे, कोंबड्यांच्या दुरड्या. ज्या माणसांना मी दुकानात फक्त उभं राहून भाव विचारताना बघितलं होतं, ती आज मांडी घालून पुढं बसली होती. काही बाया ट्रकच्या फाळक्यावरच बसून राहिल्या. पडदा मी सणाच्या गर्दीत कसाबसा शिवला होता, एका बाजूनं वीतभर आखूड. कुणाचं लक्ष गेलं नाही. मुकादमाचा सदरा मात्र त्या पोरीच्या मापाचा होता, सुतानंही मोठा नाही.

ती स्टेजवर आली आणि एक शब्दही न बोलता फक्त पंचा झटकून खांद्यावर टाकला. ट्रककडून पहिला हशा आला. मग ती समोरच्या माणसांनाच मोजायला लागली, बोट दाखवत, हळू आवाजात, "तुझा कोयता एक, तुझा एक, तुझी बायको कुठं हाय रं, तिला उठव." माणसं पोट धरून हसत होती आणि तिरक्या नजरेनं खऱ्या मुकादमाकडे बघत होती. मला धडकी भरली. तो खुर्चीत ताठ बसला होता. शेळी आली, तिनं स्टेजवरचं आपट्याचं पान खाल्लं, आणि पोरीनं जराही न गडबडता त्या शेळीला दम भरला, "खाडा केलास तर बघ." तेव्हा मुकादम शेजारच्याच्या मांडीवर थाप मारून ओरडला, "बे, ह्यो तर मीच हाय!" आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. त्या क्षणी मी त्याला सगळं माफ केलं.

टाळ्या थांबेनात. बाई विंगेत भिंतीला टेकून उभ्या होत्या, दोन्ही हात तोंडावर. पेठेतल्या माझ्या सगळ्या माणसांकडे मी बघितलं. आडतवाला, भांडीवाला, सलूनवाला, तिघंही उभं राहून टाळ्या वाजवत होते. असल्या गावात आपलं दुकान आहे याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला, आणि तो मी लपवला नाही.

बारा वाजले. गाड्यांची इंजिनं सुरू झाली. मी स्टेजमागं कपडे गोळा करत होते. ती मुलगी सदरा काढून द्यायला आली, मिशा तशाच. मी म्हटलं, "ठेव तुला, तुझ्याच मापाचा आहे." मागून तिची आई आली. हातात पाण्याचा कॅन, डोक्यावरचा पदर घामानं ओला. पोरीकडे बघेना, माझ्याकडेच बघत होती.

"हिनं ह्ये औंदाच केलं का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पाचवीपासून करते. तालमीत. दरवर्षी."

"दरवर्षी?"

"हो."

गाडीचा हॉर्न वाजला. "मंग आमाला कुणी कावून न्हाई सांगितलं?"

"चुकलं आमचं," मी म्हणाले. तिनं मान हलवली, राग न धरता, आणि पोरीचा हात धरला. चार पावलं गेली आणि परत वळली.

"धाकटी औंदा पाचवीला हाय," ती म्हणाली. "तिचं आमाला पहिल्यापासून दावा."