साडेबाराची ताई

चहा आधी संपवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा माझ्या नणंदेला ऐन घोटात हसू फुटलं आणि माझ्या नव्या सोफ्याची वाट लागली.

तर ऐका. आयुष्यात एकदाच मी 'पोचलेली बाई' म्हणून गाजले. जप नाही, तप नाही, साधा सोमवारचा उपास नाही. नुसती बसून! आणि बसायचं कुठे? कॉम्प्युटरमधल्या एका टेकडीवर.

आम्ही तेव्हा नुकतेच बदलापूरला खरवईत राहायला गेलो होतो. नवी बिल्डिंग, खाली अजून वाळूचे ढीग, पण गॅलरीत उभं राहिलं की समोर डोंगर. मी अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीत, लॅबमध्ये. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. नवऱ्याचं ऑफिस मुंबईत, त्याला सुट्टी रविवारी. म्हणजे शुक्रवारी अख्खं घर माझं! लग्न झालेल्या बाईला विचारा, एवढी श्रीमंती दुसरी नाही.

धाकट्या दिराने कॉम्प्युटरवर एक गेम टाकून दिला होता. इंटरनेटवरून शेकडो लोक एकाच वेळी खेळतात ना, तसला. प्रत्येकाची एक बाहुली. ती घेऊन हिंडायचं, राक्षस मारायचे, मोठं व्हायचं. माझ्या बाहुलीचं नाव मी ठेवलं सायली.

राक्षस मारले का? छे हो! पहिल्याच दिवशी एका रानडुकराने सायलीला आडवी केली. मी कानाला खडा लावला. त्यानंतर सायली फक्त फुलं तोडायची आणि टेकडीवर बसायची.

पण काय टेकडी होती म्हणून सांगू! खाली तळं, आणि त्या तळ्याचं पाणी चक्क पाण्याच्या रंगाचं. आमच्याकडची नदी तुम्ही बघितलीय ना? सोमवारी हिरवी, बुधवारी जांभळी. इथे मात्र ढग सरकतायत, बगळे उतरतायत, गवत हलतंय. सायलीला तिथे बसवायचे आणि मी पोळ्या लाटायला जायचे. मधेच येऊन बघायचे, बसलीय बिचारी शांत. वाटायचं, आपल्यातली एक तरी कुठे निवांत बसलीय.

साडेबारा वाजले की पंखा थांबायचा, कॉम्प्युटर विझायचा. मी गॅलरीतल्या गार लादीवर उशी टाकून आडवी व्हायचे. डोंगरावरून वारा यायचा, डोळे आपोआप मिटायचे. लोडशेडिंगच होतं ते, पण मला त्याची इतकी सवय झाली होती की वीज गेली असं वाटायचंच नाही. झोपायची वेळ झाली, एवढंच वाटायचं. हे लक्षात ठेवा हां!

एका शनिवारी फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्ये आमच्या बॉयलरवरचे बनसोडे समोर येऊन बसले. विठ्ठलवाडीला राहायचे. कमी बोलणारा, डोळ्यांनी सगळं टिपणारा माणूस. सहज बोलता बोलता माझ्या तोंडून सायलीचं नाव गेलं आणि त्यांचा वडा हातातच राहिला.

"मॅडम, टेकडीवरची सायली तुम्ही?"

"हो. का?"

"अहो, आमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये तुमचा दरारा आहे!"

आता बघा, त्या गेममध्ये दोन जाती. एक आमच्यासारखे हौशी. आले, हिंडले, गेले. दुसरे कट्टर. ते टोळी करून गुहेत उतरणार, एकाने मार खायचा, तिघांनी मारायचं, एकाने मलम लावायचं, सगळं ठरलेलं. लग्नाच्या मुहूर्तालासुद्धा कोणी एवढं वेळेवर येत नाही. बनसोडे त्या कट्टरांतले. त्यांचा म्होरक्या जितू, उल्हासनगरचा सिंधी मुलगा, काकाच्या जीन्सच्या कारखान्यात. शिवाय पालेगावचे दोघे भाऊ. आणि या चौघांनी माझ्याबद्दल काय ठरवून टाकलं होतं माहितीय?

"ताई तीन-तीन तास हलत नाही. कोणी काही विचारलं तरी उत्तर देत नाही. आणि बरोब्बर साडेबाराला अदृश्य होते. जितू म्हणतो, ये औरत गेम के ऊपर पहुँच गई है."

उत्तर कसं देणार? मी पोळ्या लाटत होते!

तेव्हाच खरं सांगून मोकळं व्हायचं ना? नाही सांगितलं. बॉयलरवाला माणूस आदराने बघतोय, कॅन्टीनमधले चार जण वळून बघतायत. लॅबमध्ये बारा वर्षं घासली, कोणी 'पोचलेली' म्हटलं नव्हतं हो. मी नुसती गूढ हसले. तिथेच माती खाल्ली.

आठ दिवसांत जितूचा फोन. "दीदी, मी सोमवारी नायजेरियाला चाललो. मामाचं दुकान आहे तिथे. परत कधी येणार, माहीत नाही. वहाँ घर है, दुकान है, सब है. बस एक चीज अधूरी है."

ती अधुरी गोष्ट म्हणजे तीन डोक्यांचा एक साप. पाच जणांशिवाय मरत नाही, असं सगळे म्हणायचे. अकरा शुक्रवार यांनी मार खाल्ला होता. त्यांची मलमवाली लग्न करून नाशिकला गेली होती, आणि वर दर वेळी ऐन लढाईत कोणाची तरी वीज जायची. आता शेवटचा शुक्रवार उरला होता.

"दीदी, तुम्ही मलम लावा. तुम्ही मागे उभ्या असल्या ना, तर मला डर नाही वाटणार." त्याचा आवाज कापत होता. मला भरून आलं. नाही म्हणवेना.

आणि मी नुसतं हो म्हणून थांबले असते तर! "विजेचं माझ्यावर सोपव," म्हटलं. "मी वेळापत्रक करते."

अहो, माझी रजिस्टरं म्हणजे लॅबची शान. पट्टीने रेघा मारल्या, रंगीत पेन्सिली काढल्या. उल्हासनगरला जितूकडे सकाळी नऊ ते बारा वीज नाही, तो रकाना लाल. विठ्ठलवाडीला दोननंतर नाही, तो निळा. पालेगावला एक ते चार नाही, तो हिरवा. आणि मधे पिवळ्या पेन्सिलीने झळकलेला एकच तास, बारा ते एक! मी कागद कॅन्टीनमध्ये बनसोड्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी बराच वेळ बघितला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "फारच सुंदर काढलंय, मॅडम."

मी दिवसभर हवेत होते.

शुक्रवारी डाळ-भात लवकर उरकला. सहा महिन्यांत जमवलेल्या सगळ्या फुलांचं औषध करून चौघांना वाटलं. बारा वाजून पाच मिनिटांनी आम्ही गुहेत उतरलो.

आणि हो, ती गुहा! भिंतीवर निळी अळंबी चमकतायत, वरून थेंब ठिबकतायत, खाली काळंशार पाणी. या कट्टर लोकांनी अकरा वेळा येऊन हे बघितलंच नव्हतं. ते धावत सुटले आणि मी मागून रमतगमत. मग पाण्यातून तो साप वर आला. तीन डोकी, सहा डोळे. काय डोळे होते मेल्याचे! मोरपिसाचा रंग. जरा नीट बघावे म्हणून मी त्याच्यावर क्लिक केलं, आणि बघतच राहिले.

"दीदी, मलम!" पडद्यावर जितूची अक्षरं उमटली.

भानावर आले आणि मलमाचं बटण दाबलं. गुहाभर सोनेरी चमचम झाली. अहाहा! म्हटलं, जमतंय की. पुन्हा दाबलं, पुन्हा चमचम. थांबलेच नाही मग. पाठ ताठ, बोटं सटासट. लोक उगीच म्हणतात कठीण असतं. मला तर वाटलं मी पाण्यावर तरंगतेय.

"ये मर क्यों नहीं रहा?" जितू.

"आधी निम्मा तरी खाली यायचा," पालेगावकर.

"और मलम, दीदी! और!"

मी आणखी जोर लावला. घाम पुसायलाही हात काढला नाही. साप काही खाली जाईना, पोरं काही हटेनात. जितूचं बाहुलं गुडघ्यावर आलं. त्याने लिहिलं, "दीदी, अब सब आपके हाथ में है."

मी बोट उचललं. आणि डोक्यावरचा पंखा हळू झाला.

हळू… आणखी हळू… थांबला. पडदा काळा. त्यात माझंच तोंड दिसत होतं.

घड्याळात साडेबारा. खरवईत एवढी शांतता की लांब कुठेतरी कोणी बादली ठेवली तीही ऐकू आली. वाऱ्याची झुळूक आली, तशी सवयीने जांभईसुद्धा आली मला! मग नजर गेली टेबलावरच्या वेळापत्रकावर. लाल उल्हासनगर. निळी विठ्ठलवाडी. हिरवं पालेगाव. आणि बदलापूर? बदलापूर कुठाय? सगळ्या जगाची वीज मी मोजली होती आणि माझ्या घराची विसरले होते!

इन्व्हर्टर? त्याचं आमच्याकडे दिवाळीपासून नुसतं 'बघू' चाललं होतं.

बनसोड्यांना फोन लावला, उचलेनात. जितूला लावला, उचलेना. मी लादीवर बसले आणि रडले हो, खरंच रडले. पोरगं देश सोडून चाललंय, एकच गोष्ट मागितली होती त्याने. आणि मी पेन्सिलींना टोकं काढत बसले!

एकला दहा कमी असताना फोन वाजला. जितूच. हुंदके देत होता.

"जितू, बाळा, मला माफ कर…"

"दीदी, हम जीत गए!"

"काय?"

"तुम्ही गेल्या आणि पाच मिनिटात साप खलास! दीदी, मी समजलो. बरोबर साडेबाराला गेल्या तुम्ही, एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. तुम्हाला सांगायचं होतं ना, आता स्वतःच्या पायावर उभा रहा? परदेशात कोण मलम लावणार आहे? दीदी, आपने आँखें खोल दीं!"

आता तरी सांगावं ना खरं? मी तोंड उघडलं. तिकडे ते पोर आनंदाने रडत होतं. आणि माझ्या तोंडून शब्द काय निघाले? "समजलास ना? मग झालं तर!" लाज नावाची चीज नाही बघा मला.

शनिवारी मात्र राहवेना. कॅन्टीनमध्ये बनसोड्यांसमोर बसले आणि सगळं ओकून टाकलं. पोळ्या, डुक्कर, झोप, वीज, विसरलेला रकाना, सगळं. म्हटलं, "बनसोडे, मी ऐन वेळी तुम्हाला तोंडघशी पाडलं. जितूला मी कुठल्या तोंडाने सांगू?"

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"जितूला काही सांगू नका, मॅडम. तो पुढे तोंड करून लढत होता, त्याला दिसलं नाही. मी मागून बघत होतो."

"काय दिसलं नाही?"

"शेवटचं क्लिक ज्याच्यावर केलेलं असतं, त्याला मलम लागतं. तुम्ही वीस मिनिटं सापाला लावत होता."

मी हातातला कप खाली ठेवला.

"आम्ही मारायचो, तुम्ही बरा करायचात. तुमच्या फुलांच्या औषधावर कसेबसे तगलो म्हणून बरं."

"अहो, मग सांगायचं ना मला!"

"सांगणार होतो. पण जितू पहिल्यांदाच न घाबरता लढत होता. सांगितलं असतं तर त्याचा धीर सुटला असता." त्यांनी बशी खाली ठेवली. "आणि तुमच्या वेळापत्रकात बदलापूर नाही, हे मी आधीच बघितलं होतं. साडेबाराला तुम्ही का गायब होता, तेही तेव्हाच कळलं. म्हटलं, कसंही करून साडेबारापर्यंत तग धरायचा. लढाई कमी आणि घड्याळच जास्त बघत होतो मी."

मी दुसरा चहा मागवला, त्यांच्यासाठी.

पुढे सहा महिन्यांनी नायजेरियाहून जितूचा फोन आला. दुकान छान चाललं होतं, आवाजही भरदार झाला होता. म्हणाला, "दीदी, इथे पण रोज लाइट जाते, दिवसातून चार-चार वेळा. जेव्हा जाते ना, मला वाटतं तुम्ही मला मदत करताय."

"खरंय रे बाबा," मी म्हटलं. "माझी मदत होते ती तेव्हाच."