जमुनाबाईच्या पोराची पडताळणी

बाळापूरच्या बाजारात जमुनाबाईकडून वांगी घ्यायची, तर आधी त्या वांग्यांची बदनामी ऐकावी लागते. "हे नको घेऊ माय, ह्याले कीड हाय. हे घे, वरून डाग हाय, पन आतून चांगलं निंघते." असा धंदा करून कोणी बंगला बांधल्याचं ऐकिवात नाही, पण तिचा माल सगळ्यांच्या आधी खपतो.

तिचा अनुप पोलीस भरतीत मैदानी आणि लेखी दोन्ही पास झाला, तेव्हा आळीत पेढे वाटले गेले. मग कोणीतरी चारित्र्य पडताळणीची आठवण काढली आणि जमुनाबाईनं पेढ्यांचा डबा झाकून ठेवला. दोन वर्षांमागे मित्राच्या हळदीत अनुपनं ढोसली होती आणि तसाच मोटरसायकल हाणत निघाला होता. पातूर रोडवर पोलिसांनी धरलं, अटक झाली, कोर्टात दंड भरावा लागला. त्यानंतर तो थेंबाला शिवला नाही; पण नोंद ती नोंदच.

शेजारच्या नत्थुजींनी बेत आखला. "वहिनी, तुमी फक्त गप राहा. बाकी आमी पाहून घेतो."

हवालदार देवराव चौकशीला आले, तर अख्खी आळी साक्षीला हजर! "सायेब, पोट्टं म्हंजे हिरा हाय. दारूचं दुकान दिसलं का रस्ता बदलते," नत्थुजींनी ठोकून दिलं. माना डोलल्या. देवरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते जमुनाबाईकडे वळले. "माय, तुमी काहून गप?"

नत्थुजी डोळ्यांनी खुणावत होते. एका शब्दानं लेकराची नोकरी जाईल, हे तिला पक्कं कळत होतं. पण आयुष्यभर जे जमलं नाही, ते आज कुठून जमणार!

"दारू पेला होता सायेब. एक डाव. गाडीवर सापडला, दंड भरला. घरी आल्यावर म्या झाडूनं बदडला, ते येगळंच." एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला. आपल्याच तोंडानं पोराचं वाटोळं केलं, म्हणून तिला रडू फुटलं.

देवराव हसले. "रडता काहून? पोट्ट्यानं फॉर्मात सोताच लिहून देल्लं हाय. लपवलं असतं, तर आतापर्यंत नाव कटलं असतं. आता वरचे सायेब ठरवतीन."

नत्थुजी चष्मा पुसू लागले.

पुढचा महिनाभर जमुनाबाईला घास गोड लागला नाही. वरच्यांनी कागद पाहिले, पोराला बोलावून फैलावर घेतलं आणि शेवटी नेमणुकीचं पत्र आलं.

ट्रेनिंग संपवून अनुप वर्दीतच बाजारात आला, तेव्हा गर्दी जमली. नत्थुजींना कंठ फुटला, "पाहा, आमचं पोट्टं! धुतल्या तांदळासारखं!"

"नत्थुजी, आतातरी खोटं नका बोलू," जमुनाबाई म्हणाली. "वरून डाग हाय त्याले. पन आतून चांगलं निंघालं."

अनुपनं टोपी काढून बाजूला ठेवली आणि आईपुढची वांगी निवडायला बसला.