ज्यावर फोन येत नाही असं काहीतरी

मला गाणी वाजवणारं, पण फोन न येणारं यंत्र हवं होतं. आजच्या दिवसांत हे वाक्य दुकानात जाऊन म्हणून बघा. दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्यासोबत घरचं कोणी आलंय का ते बघतो.

माझी गरज साधी होती. निगडीहून चाकणला आमची कंपनीची बस जाते. तळवडे, म्हाळुंगे, आणि पुढे ट्रकच्या मागे ट्रक. जायला तास-सव्वा तास, यायला किती ते ट्रकवाल्यांनाच माहीत. मी डिस्पॅचला आहे. कंपनीत दिवसभर लोक मला गाडी कुठे पोचली ते विचारतात आणि घरी उरलेलं सगळं विचारतात. मधला बसमधला वेळ तेवढा माझा, असा माझा समज होता. खिडकीशी बसून फोनवर गाणं लावावं, आणि पहिलं कडवं संपायच्या आत गाणं थांबून नवऱ्याचा आवाज यावा.

"बसमध्येच आहेस ना? म्हणजे रिकामी आहेस. गॅसवाल्याचा नंबर काय गं?"

गॅसवाल्याचा नंबर फ्रिजवर आहे. सुताराचा, वायरमनचा, दूधवाल्याचा, सगळे फ्रिजवर आहेत. मीच मोठ्या अक्षरात लिहून लावलेत. नवरा घरून काम करतो. घरून काम करणाऱ्या माणसाला घरातलं काहीही सापडत नाही, हे मला टाळेबंदीपासून ठाऊक आहे. पण फ्रिजपर्यंत उठून जावं लागतं आणि मी फोनवर बोटाच्या अंतरावर आहे.

मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "एरोप्लेन मोड टाक ना, आई." टाकला. त्या दिवशी कंपनीच्या गेटवर उतरले तर सिक्युरिटीचा माणूस माझीच वाट बघत उभा. घरून थेट गेटवर फोन आला होता: मॅडमचा फोन लागत नाही, बसला काही झालंय का? बसला काही झालं नव्हतं. मुलाचे सॉक्स मिळत नव्हते.

म्हणजे फोन बॅगेत चालूच राहिला पाहिजे, आवाज बंद करून. आणि गाणी दुसऱ्या कशावर तरी पाहिजेत. मी अटी लिहून काढल्या. बटणं असावीत, पर्समध्ये हात घालून न बघता दाबता आली पाहिजेत. चार्जिंग आठवडाभर पुरावं. त्यावर कोणाचाही फोन येता कामा नये. ही शेवटची अट मी घरी बोलले नाही. बोलले असते तर चर्चा झाली असती, आणि चर्चा त्यांनी मी बसमध्ये असतानाच केली असती.

नवऱ्याने मात्र खरेदी मनावर घेतली. त्याला माहितीचे व्हिडिओ बघायला आवडतात. एका व्हिडिओत एका दाढीवाल्याने यंत्र डब्यातून बाहेर काढायला माझ्या भाकऱ्या होईपर्यंतचा वेळ घेतला, तरी ते वाजवलं नाही. रविवारी जेवताना नवऱ्याने निकाल जाहीर केला.

"हे बघ. टचस्क्रीन आहे, वायफाय आहे. आणि मजा म्हणजे ह्याच्यावर कॉलसुद्धा घेता येतात!"

"छान आहे," मी म्हणाले आणि आमटी वाढली.

मग मी एकटीच पिंपरी कॅम्पात गेले. दुकानदाराने माझं ऐकून घेतलं आणि मागून एक स्पीकर ओढत आणला. त्याला चाकं होती, दांडा होता, आतून रंगीत दिवे लागत होते.

"मॅडम, छोटं कशाला घेता? हे लावा, सोसायटी हलली पाहिजे!"

"मला सोसायटी हलवायची नाही. मला कानात पाहिजे."

"मग फोन आहे की तुमच्याकडे."

सगळे इथे येऊन थांबायचे. फोन आहे की. जणू फोन असलेल्या बाईला आणखी काही हवं असणं म्हणजे घरी जेवण तयार असताना बाहेर खायला जाणं.

बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर क्वालिटीतला एक जण बसतो, लातूरकडचा. माणूस सज्जन, पण कशातही खोट काढणं हे त्याचं पोटापाण्याचं काम असल्यामुळे तो ते बसमध्येही करतो. त्याला माझा शोध कळला.

"ताई, मशीन कितीबी भारी घ्या, गाण्याची फाइलच दाबलेली असंल तर काय उपयोग? त्यात ते बारीक आवाज येतच न्हाईत."

"कुठले बारीक आवाज?"

"तबल्यावरचं बोट उचलल्याचा आवाज येतो बघा भारीतल्या मशीनमध्ये."

त्याच्या मागे तिघे जण तीन फोनवर तीन वेगळे रील उघड्यावर ऐकत होते. त्यांतल्या एकात बाई रडत होती, एकात माणूस हसत होता आणि तिसऱ्यात प्लॉट विकत होते. बसचं इंजिन ह्या सगळ्यांच्या वर. अशात मी तबल्यावरचं बोट उचलल्याचं ऐकणार होते. मी मान डोलावली.

शेवटी ऑनलाइन मागवलं ते सगळ्यांत साधं यंत्र. काडेपेटीएवढं, पाच बटणं, वायरचे इअरफोन. कॅमेरा नाही, वायफाय नाही. मुलाने ते उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "ह्याने अजून काय होतं?" काही होत नाही, म्हटल्यावर त्याने ते सहानुभूतीने परत दिलं. गाणी मात्र त्यानेच भरून दिली, हे मान्य करायला हवं.

पहिल्या सकाळी बसमध्ये म्हाळुंग्यापर्यंत सलग गाणी ऐकली. बॅगेत फोन थरथरत होता. थरथरू दिला. मग गेट आलं.

आमच्या गेटवर फोनच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवतात आणि आत सोडतात. स्टिकर नखाने निघतो, हे सगळ्यांना माहीत आहे, स्टिकर लावणाऱ्यालाही. सिक्युरिटीचे मुख्य म्हणजे जवळच्याच गावातले एक मामा, त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीवर आता दुसऱ्या कंपनीचं पार्किंग आहे. त्यांनी माझं यंत्र तळहातावर घेतलं.

"ह्ये काय हाय?"

"गाणी ऐकायचं."

"क्यामेरा कुठाय?"

"नाही त्याला."

मामा विचारात पडले. कॅमेराच नसेल तर स्टिकर कुठे लावायचा? "मेमरी हाय का ह्यात?"

"गाणी आहेत म्हणजे असणारच."

"मग न्हाई जमायचं, म्याडम. मेमरीवाली वस्तू आत न्हाई. पेन ड्राइव्ह बंद, तसं ह्येबी बंद."

"मामा, फोनमध्ये ह्याच्या शंभरपट मेमरी आहे. तो सोडता."

"फोनला इष्टिकर हाय."

ज्यात सगळं आहे त्याला स्टिकर लावून आत घेतात, आणि ज्यात फक्त गाणी आहेत त्याच्यापासून कंपनीला धोका. माझ्या मागे रांग वाढत होती. क्वालिटीवाला घड्याळ बघत होता. ते घड्याळही फोन घेतं, मेसेज दाखवतं, त्याला कोणी हात लावला नाही.

"पर तुमाला ह्ये पायजेच कशाला?" मामांनी विचारलं. "फोन हाय की."

महिनाभर जे घरी कोणाला बोलले नव्हते, ते मी रांगेसमोर मोठ्याने बोलले. "ह्याच्यावर फोन येत नाही म्हणून!"

मामांच्या छातीवर वॉकीटॉकी अडकवलेला होता. त्यातून कोणीतरी एका ट्रकचा नंबर पुन्हा पुन्हा विचारत होतं. मामांनी त्याच्याकडे खाली बघितलं, मग यंत्राकडे.

"द्या हिकडं. ड्रॉवरात ठिवतो. जाताना न्या."

तेव्हापासून यंत्र रोज मामांच्या ड्रॉवरमध्ये कामाचे तास काढतं. माझा बसचा वेळ मला मिळाला. फोन मी बसमधून उतरल्यावर बघायचे. त्यात नवऱ्याचे चुकलेले फोन असायचे, आणि शेवटी मेसेज: 'सापडलं.' दर वेळी सापडलेलं असायचं. इतकी वर्षं मी काय सांगत होते कोण जाणे.

हे सुख नवऱ्याला फार दिवस बघवलं नाही, असं म्हणणार होते. पण त्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला फक्त उठायचं नसतं. एका संध्याकाळी तळवड्याच्या अलीकडे बस थांबलेली, माझं आवडतं गाणं नुकतं सुरू झालेलं, आणि मागून खांद्यावर टकटक. मी एक इअरफोन काढला. क्वालिटीवाला ओशाळून स्वतःचा फोन पुढे करत होता.

"ताई, तुमच्या मिस्टरांचा फोन हाय. कुकरची रिंग कुठं ठिवलीया म्हणतेत."

"तुमचा नंबर त्यांना कोणी दिला?"

"बसच्या ग्रुपवरनं घेतला म्हणे."

त्या ग्रुपवर नवऱ्याला मीच घातलं होतं, बस कुठे आहे ते त्याला कळावं म्हणून. मागचे तिघेही रील थांबवून ऐकू लागले. बसमध्ये एवढी शांतता मी प्रथमच अनुभवत होते. फोनमधून नवऱ्याचा आवाज स्पष्ट येत होता. "हॅलो? आहे का ती? फक्त एक मिनिट!" रिंग कुठे आहे ते मला माहीत होतं. सांगायला एक मिनिटही लागलं नसतं.

"त्यांना सांगा, ताई गाणं ऐकतायत," मी म्हणाले.

"असंच सांगू?"

"असंच सांगा."

त्याने सांगितलं. प्रामाणिक माणूस, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मी इअरफोन कानात घातला आणि गाणं पहिल्यापासून लावलं.

घरी पोचले तेव्हा नवऱ्याने पातेल्यात भात केला होता. थोडा बुडाला लागला होता, पण वरचा चांगला होता. आम्ही वरचा खाल्ला.